नेरेइदाची अर्धी ओळ

नेरेइदाची गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. मागच्या सीटवर डफ, खुळखुळे, गुबगुबीत पोटाचं तारांचं वाद्य क्वात्रो आणि खाचा पाडलेला वाळका भोपळा, ज्याला आम्ही ग्विरो म्हणतो. चाक खड्ड्यात गेलं की सगळी मंडळी एकदम वाजतात. कोंबड्या रस्ता सोडतात आणि अंगणात कॉफी वाळवणाऱ्या बायका म्हणतात, "आली बघ औषधाची बाई."

पोर्तो रिकोच्या डोंगरातलं आमचं गाव. नेरेइदा इथल्याच शिंप्याची पोर. राजधानीत जाऊन संगीतोपचार शिकली, मोठ्या दवाखान्यात नोकरीला लागली आणि एक दिवस ट्रंक घेऊन परत आली. का गं, विचारलं तर म्हणाली, "तिथली माणसं गाणं गप ऐकून घेतात. मधे तोंड घालत न्हाईत. जीव घुसमटला माझा."

औषधाच्या दुकानामागच्या खोलीत तिचा कारभार. बोलायला न लागलेली पोरं येतात, बोलणं टाकलेले नवराबायको येतात, झटका येऊन जिभेला कुलूप बसलेली म्हातारी माणसं येतात. तिची रीत एकच. ओळ म्हणायची, शेवट गिळायचा आणि हनुवटीवर हात ठेवून बसून राहायचं. आमच्या डोंगरातला माणूस वादळ सोसेल, कडूजार काढा सोसेल, पण अर्धी राहिलेली ओळ त्याला सोसत नाही. बेकरीवाल्याची धाकटी कधी एक अक्षर बोलली नव्हती. नेरेइदानं तिच्यापुढं म्हटलं, "कोंबडी बसली टोपीत नि अंडं—" आणि थांबली. पोरगी वळवळली, तिनं टेबल बडवलं, आणि शेवटी तिरीमिरीत ओरडली, "फुटलं." तिची आई चक्कर येऊन बसली ती थेट डफावर. डफ गेला, पण पोरगी तेव्हापासून जी सुटलीये, बेकरीवाला आता कानात कापूस घालून पाव भाजतो. त्या नवराबायकोंचं म्हणाल तर ते अजून भांडतात, पण सुरात. शेजाऱ्यांना बरं पडतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना डॉन मोन्सेचं लग्न निघालं.

डॉन मोन्से (मानानं पुरुषाला डॉन म्हणायचं, बाईला डोन्या) म्हणजे आमचा जुना गाणारा. समोरून कुणी एक ओळ टाकावी आणि त्यानं उभ्या उभ्या कवन रचून ती शेवटी आणून बसवावी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मागल्या सालात झटका आला, हातपाय वाचले, पण बोली गेली. बोलायला जाई तर नुसती हवा. नेरेइदानं त्याला नाताळात दारोदार म्हणतो त्या चालीवर धरला आणि थोडे थोडे शब्द परत यायला लागले. गाताना यायचे, बोलताना नाही. आणि एवढ्यात शेजारची विधवा, डोन्या तोमासा, त्याला रोज तुरीच्या दाण्यांचा भात नेऊन देता देता लग्नाला तयार झाली. अट मात्र घातली.

"पाद्रेंच्या म्होरं त्यानं तोंडानं व्हय म्हणाय पायजे," ती म्हणाली.

पाद्रेंनी, म्हणजे आमच्या देवळातल्या धर्मगुरूंनी, समजूत घातली. "डोन्या, अशा माणसानं मान हलवली तरी देवाला चालतं."

"देवाला चालत असंल, मला न्हाई चालत. माझा पहिला नवरा जलमभर मानच हलवत होता. मेल्यावर कळलं, त्याला ऐकूच येत नव्हतं. ह्यानं म्हटलं तर मी उभी ऱ्हाईन, न्हाईतर भाताचं भांडं घेऊन घरला जाईन."

तोमासा बोललेलं फिरवत नाही, हे गावाला ठाऊक. डॉन मोन्सेचा चेहरा फुलकोबीसारखा पांढरा पडला. नेरेइदा त्याला घेऊन खोलीत बसली. चाल तीच, ओळ नवी: "तोमासाला बायको करून—" आणि त्यानं पुरं करायचं, "घेतो, मी घेतो." तोमासालाही तिनं बोलावलं. "तू बी बस गं मावशी. घरचं माणूस संगट असलं की लवकर येतं."

"मला काय झालंय? मी ठणठणीत हाय," तोमासा म्हणाली आणि खोलीकडं फिरकलीच नाही.

खोलीची खिडकी चौकात उघडते. लग्नाच्या दिवसापर्यंत ती ओळ भाजीवाल्याला पाठ, न्हाव्याला पाठ, दोरीवर उड्या मारणाऱ्या पोरींना पाठ. यात काय वाईट, असंच सगळ्यांना वाटलं.

देऊळ गच्च भरलं. डॉन मोन्से इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, तोमासा निळ्या झग्यात, हातात पाकीट गच्च धरून, म्हणजे जायची वेळ आली तर शोधायला नको. पाद्रेंनी विचारलं. नेरेइदानं क्वात्रोवर चाल धरली आणि म्हटलं, "तोमासाला बायको करून—"

आणि अख्खं देऊळ गरजलं, "घेतो, मी घेतो."

बायकासुद्धा घेतो. न्हावी घेतो. घंटा वाजवणाऱ्यानं बाकाखालून ग्विरो काढून खर्रखर्र सुरूसुद्धा केला. पाद्रेंचेही ओठ हलले, ते मी स्वतः पाहिलं. डॉन मोन्सेचं तोंड उघडंच राहिलं.

"सगळ्या गावानं घेतली मला," तोमासा म्हणाली. "आता नांदू कुणाकुणाच्या घरी? पाद्रे, तुम्ही बी?"

"सवय," पाद्रे कॉलर सैल करत म्हणाले.

पुन्हा करायचं ठरलं. सगळ्यांनी तोंडावर हात धरायचे. नेरेइदानं ओळ टाकली, थांबली, आणि हातांमागून मधमाश्यांचं पोळं घोंघावावं तसं "घेतो" आलं. भाजीवाला तर रडकुंडीला आला. "बाई, ती अर्धी ओळ इथं अडकती," तो गळ्याला हात लावून म्हणाला. "न्हाई सोडली तर मरंन मी."

मग सगळ्यांना बाहेर काढलं, दारं लावली. आत पाचच माणसं राहिली, त्यातला एक मी, मोन्सेचा साक्षीदार. नेरेइदानं अगदी हळू म्हटलं. डॉन मोन्सेच्या गळ्याची घाटी वर गेली. आणि चौकातून, खिडक्यांच्या काचा थरथरवत, "घेतो, मी घेतो."

नेरेइदा वेदीच्या पायरीवर बसली आणि पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तोमासानं पाकीट काखेत मारलं होतं.

"मावशी, थांब. चूक माझी हाय. जी ओळ सगळ्यांना येती ती मी टाकाय नको हुती. जिचा शेवट फक्त ह्यालाच ठावं हाय, अशी एखादी तू टाक."

"मी? मला गाता येत न्हाई."

"मग वाईट गा."

तोमासा दारापर्यंत गेली. कडीला हात लावला. तशीच, पाठमोरी, ती गायला लागली. गंज चढलेल्या बिजागरीचा आवाज बरा. पण चाल तीच होती.

"झटका यायच्या आदल्या दिशी, कुंपणापाशी येऊन, तू म्हणालास, तोमासा, मला हवी—"

आणि थांबली. बाहेर चौकही थांबला. खिडक्यांना नाकं चिकटली. शेवट कुणालाच ठाऊक नव्हता. तो बोलत असतानाच तिची कोंबडी उधळली होती, तिला धरायला तोमासा पळाली, आणि दुसऱ्या दिवशी याची बोलीच गेली. सालभर ती त्या अर्ध्या ओळीवर भात शिजवत होती.

डॉन मोन्से लाल झाला. खांदे वर आले. मग तोच जुना आवाज, जरा चिरकलेला, पण ठाम.

"—तुझी शिडी."

तोमासा वळली. "शिडी?"

तो थांबला नाही. चालीवर एकेक शब्द ठेवत गेला, ओल्या दगडांवरून ओढा ओलांडावा तसा. "आंब्याची फांदी... तोडाय. तुझं दार... दिसंना मला. सकाळचं... दिसाय हवं." आणि मग, एका दमात, "घेतो तुला, व्हय, घेतो."

तोमासानं पाकीट बाकावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"अरं, पण झाडावर चढायचं वय हाय का तुझं?"

"न्हाई," डॉन मोन्से म्हणाला. चाल नाही, सूर नाही, साधं बोलला.

पाद्रे दचकले. "नाही म्हणतोय?"

"झाडाला न्हाई म्हणतोय, पाद्रे," तोमासा म्हणाली. "मला व्हय म्हणून झालंय त्याचं. चला म्होरं."