कोण नाचणार, कोण बसणार

मी समुद्र पाहिला तो वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. कोळीनृत्य मात्र मी अकराव्या वर्षीच करून मोकळी झाले होते.

आम्ही तेव्हा ढाणकीला राहत होतो. ढाणकीपासून समुद्र किती लांब, हे शाळेत कुणालाच सांगता येईना. बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर दोरा धरून मोजायला घेतलं, तर नकाशाच जुना निघाला. त्यात आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. जिल्हा न सोडता मी पाच-सहा वर्षांत तीन राज्यांत राहिले: आधी मध्य प्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. माझ्यासारख्या भोचक मुलीला एवढं पुरे होतं. राज्य बदलतं तेव्हा रात्रीतून बदलतं की सकाळी, हे मी बाईंना दोनदा विचारलं होतं आणि दोनदा खाली बसले होते.

नवं राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. वरून एक कागद आला. संमेलनात प्रत्येक शाळेनं महाराष्ट्राचं एक लोकनृत्य सादर करावं असं त्यात लिहिलेलं होतं, आणि खाली यादी होती. बाईंनी ती वाचून दाखवली. मी कान देऊन ऐकलं, कारण आपल्याकडचे नाच कोणत्या नावानं येतात याची मला उत्सुकता होती. होळीला बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या बाया आरशांचे घागरे घालून बाजारात गोल धरायच्या. पांढरकवड्याकडं माझे मामा असत, तिकडं दिवाळीत मोरपिसांचे टोप घातलेले गोंड गावोगाव नाचत फिरायचे; मामांच्या खांद्यावर बसून मी ते पाहिलं होतं. यादीत दोन्ही नव्हतं.

"बाई, ते नाचतात ते मग कोणत्या राज्याचं?" मी विचारलं.

"यादीत नाही," बाई म्हणाल्या. बाई भल्या होत्या. खोटं उत्तर त्यांनी कधी दिलं नाही.

लेझीम मुलांच्या शाळेनं आधीच पळवलं होतं. आमच्या वाट्याला कोळीनृत्य आलं. सोबतच्या कागदावर गाणं होतं आणि एक सूचना होती: मुलींनी वल्ही मारण्याचा अभिनय करावा. आता वल्हं कुणी पाहिलं होतं? बाई अमरावतीच्या. त्यांनीही नाव पाहिली होती ती चित्रात.

डोंग्यात बसलेली वर्गात मी एकटी निघाले. माझ्या आत्याचं गाव पैनगंगेच्या पलीकडं होतं, आणि पावसाळा सरला की आम्ही डोंग्यानं जायचो. भोई उभा राहायचा, लांब बांबू नदीच्या तळाला टेकवायचा आणि सगळं अंग मागं टाकून रेटायचा. मी वर्गापुढं उभी राहून ते करून दाखवलं. बाईंना फार आवडलं. "असंच, अगदी असंच," म्हणाल्या. अशा रीतीनं ढाणकीच्या मुलींनी अरबी समुद्राचा तळ बांबूनं गाठायचं ठरवलं, आणि मला रांगेत सगळ्यांत पुढं उभं करण्यात आलं. गाणाऱ्या मुलींत कुजबूज झाली, कानामागून आली आणि तिखट झाली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. पुढं उभं राहण्याची माझी ती पहिलीच वेळ होती. त्याआधी शाळेतली माझी जागा मागच्या भिंतीजवळची.

राहिली बाबांची परवानगी. ती सोपी नव्हती.

बाबा आमच्या मूळ गावात डफडं वाजवायचे. गावात लग्न असो की पोळा, पुढं बाबा. नुसतं वाजवून भागायचं नाही. मंडळी ओट्यावर बसायची आणि वरून हुकूम यायचा, नाच रे. मग वाजवता वाजवता नाचायचं, बसलेले थकेपर्यंत. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डफडं उचललं, त्याच ओट्यावर नेऊन ठेवलं, "आता ज्याले वाजवाचं त्यानं वाजवावं," म्हणाले आणि माघारी फिरले. त्यानंतर त्या गावात आमचं राहणं कठीण झालं. म्हणून आम्ही ढाणकीला आलो, आणि बाबा जिनात कापसाच्या गाठी उचलायला लागले. आमच्या घरात नाच हा शब्दही कुणी काढत नसे.

तो मी संध्याकाळी भाकरीच्या वेळी काढला.

मला वाटलं, बाबा विचारतील की यात देव आहे का. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. गाण्यात नारळाचा उल्लेख होता, तो मी गाळणार होते. बाबांनी देवाचं विचारलंच नाही.

"कोन कोन नाचनार हाये?" त्यांनी विचारलं.

मी माझ्यासकट आठ जणींची नावं घेतली. तीन आमच्या वस्तीतल्या, दोन तांड्यावरच्या, एक भोयाची, एक गवंड्याची आणि शेवटची जिनातल्या भट्टीवाल्याची.

"अन् बाकीच्या? बाबूलोकांच्या, दुकानवाल्यांच्या?"

"त्या गाणं म्हणतील. बसून."

बाबांनी भाकरी खाली ठेवली. "म्हंजे तेच झालं. आपल्या पोरी नाचतील अन् त्याईच्या बसून पाहतील. कायले सोडलं मंग म्या?"

खरं सांगते, तोपर्यंत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाईंच्याही आलं नसावं. ज्यांच्या घरून नकार आला नाही त्या मुली त्यांनी घेतल्या, आणि नकार कुठून कुठून आला याची यादी केली नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारत सुटणारी मी, पण हा एक प्रश्न मला सुचला नाही, आणि शाळेची पायरी न चढलेल्या बाबांना पहिल्या घासाला सुचला. मला त्यांचा रागही आला आणि नवलही वाटलं.

आई मधे पडली. "लेकराचं मन मोडू नका. शाळेतलं हाये ते."

बाबांनी भाकरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाले, "तिकडची एक तरी पोरगी तुह्या बाजूनं उभी राहू दे. मंग नाच. नाही तं नाही."

संमेलनाला दहा दिवस होते. मी हट्टाला पेटले.

माझ्या पुढच्या ओळीत तहसील कचेरीतल्या एका बाबूची मुलगी बसायची. उमरखेडला तिच्या वडिलांची नोकरी आणि ढाणकीत घर. तिला नाचायचं होतं, हे मला ठाऊक होतं, कारण गाणं म्हणताना तिचे पाय बाकाखाली ठेका धरायचे. पण तिच्या घरून निरोप होता की आमच्या मुली चारचौघांत नाचत नाहीत. वर्गात ती मात्र ऐटीत सांगायची की तो नाच तिला आवडतच नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. हिचं अंगणच कुणी मोकळं सोडत नव्हतं.

रविवारी मी तिच्या घरी गेले. ओट्याच्या पायरीशी उभी राहिले. तिची आई तांदूळ निवडत होती. काकूंचं माहेर देशावरचं. बोलणं ऐकत राहावं असं. त्यांनी मला वर बोलावलं नाही, पण हाकललंही नाही.

"काकू, तुमच्यात कुणीच नाचत नाही?" मी सरळ विचारलं. मनधरणी कशी करतात हे मला येत नव्हतं. विचारणं येत होतं.

"अगं, आमच्यात कसलं नाचणं!" काकू हसल्या. "मंगळागौरीला खेळतो तेवढंच. रात्रभर झिम्मा, फुगड्या, पिंगा."

"पिंगा म्हणजे काय करायचं?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. त्या सांगणार होत्या, पण सांगून जमेना, म्हणून उठल्या. पदर खोचला आणि ओट्यावरच कमरेतून वाकून मान घुमवत दोन गिरक्या घेतल्या. पाय असे पडले की मी तोंडात बोटच घातलं. काकू थांबल्या, दारावर कुणी नाही ना हे पाहून घेतलं आणि धापा टाकत खाली बसल्या.

"मग हा नाच नाही?" मी म्हटलं.

"खेळ आहे हा. पुरुष नसतात ना पाहायला."

ही गोष्ट मला आजही मोठी वाटते. पुढं मी स्वतः शाळेत शिकवलं. मुलांना देशातल्या नृत्यपरंपरा शिकवायचा धडा यायचा, आणि त्यात कोणत्या प्रांतात कोण काय नाचतं, कोणते कपडे, कोणतं वाद्य, सगळं असायचं. बसून कोण पाहायचं, हे कोणत्याच धड्यात नसायचं. खरं तर नाच सगळेच करत होते. तांड्यावर करत होते, गोंडांच्या वस्तीत करत होते, काकू बंद दारामागं करत होत्या. बाबा उघड्या रस्त्यावर करत होते, दुसऱ्याच्या हुकुमानं. सगळा फरक पाहणाऱ्यांत होता.

त्या दिवशी मला एवढं शहाणपण नव्हतं. मी फक्त बाबांची अट सांगून टाकली, जशीच्या तशी. तुमची मुलगी उभी राहिली नाही तर माझे बाबा मला नाचू देणार नाहीत.

काकूंना ते उलटं वाटलं. त्या माझ्याकडं पाहतच राहिल्या. "तुझे वडील नको म्हणतात?" त्यांनी पुन्हा विचारलं. आपल्याच घरी मुलींना मनाई असते, अशी त्यांची समजूत असावी. मग सूप पुढं ओढत म्हणाल्या, "ह्यांना मी सांगते. लुगडं गुडघ्याच्या वर नको म्हणावं बाईंना."

दोन दिवस काहीच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ती मुलगी तालमीला आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. आम्ही नऊ झालो. तिला बांबू रेटायला मी शिकवलं. तिला माझ्यापेक्षा लवकर आलं, हेही कबूल करते.

संमेलन दुपारी होतं, शाळेच्या पटांगणात. पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, मागं सतरंज्या. बाबा जिनातून अर्धी सुट्टी घेऊन आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरा रुमाल. सवयीनं ते कडेला, निंबाखाली उभे राहिले. कार्यक्रमात बाबांची जागा आजवर तीच होती, उभ्याची. शिपायानं त्यांना खूण केली. बाबांनी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला बोलावतोय का म्हणून. मग सतरंजीवर पहिल्या ओळीत येऊन मांडी घालून बसले.

आम्ही नाचलो. आईचं लुगडं माझ्या अंगावर दोनदा गुंडाळूनही उरत होतं. नऊ जणींनी मिळून होडी रेटली, जाळं टाकलं, ओढलं. एकदा सगळ्यांनी हात धरून लाट करायची होती. बाबूच्या मुलीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. टाळ्या पडल्या. पाहुणे कोकणातून बदलून आलेले साहेब होते. भाषणात म्हणाले, "समुद्रात बांबू टेकत नाही, पण मुलींची होडी किनाऱ्याला लागली खरी." सगळे हसले, बाई लाजल्या.

मला त्याचं काही नव्हतं. मी सबंध वेळ बाबांकडं पाहत होते. ताल चुकला तरी चालेल, पण बाबांचा चेहरा मला हवा होता. आणि बाबा माझ्याकडं पाहतच नव्हते.

परतताना मी विचारलं, "बाबा, मी कशी नाचली?"

"तुले पाह्यलंच नाही व माय," बाबा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही.

"मंग काय पाह्यलं?"

"त्या बाबूच्या पोरीले. सुरू झालं तवापासून सरेपर्यंत. ते नाचून राह्यली होती अन् म्या बसून होतो." ते रस्त्यातच थांबले. "आजलोक असं कधी झालंच नाही. डोळा हटेच ना."

त्या सगळ्यासाठी मी दहा दिवस झिजले होते, आणि त्यांनी पाहिलं दुसरीला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना ते कळलं असावं. "घरी चाल. आंगनात दाखव मले. आता तुलेच पाह्यतो," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी खरंच अंगणातली खाट उचलून कडेला लावली, जमिनीवर बसले आणि आईला हाक मारली, "तूही बस." आई हात पुसत येऊन त्यांच्याशेजारी बसली. मी आत भिंतीकडं तोंड करून उभी होते. "नाही दाखवत जा," मी म्हणाले. बाबा थोडा वेळ बसून राहिले. मग उठले आणि खाट होती तिथं ठेवली. त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी मी वसतिगृहात गेले, तिथं नाच नव्हता. मी नोकरीला लागले आणि दोन वर्षांनी बाबा गेले. त्या संध्याकाळी अंगणात समोर कुणी हुकूम करणारं नव्हतं, कुणाची अट नव्हती, फक्त माझे आई-बाप मातीत मांडी घालून बसले होते. आणि मी नाचले नाही.