छपरावरचं जाळं

माउस दाबण्याआधी तो हात उचलायचा, मान तिरपी करायचा आणि स्क्रीनवरच्या बोटीला म्हणायचा, "थांब जरा, बघू दे तुला." मग आमच्याकडे वळून, "दर्यान घाई नाय चालत रं." तुम्ही म्हणाल, फोटोतली बोट कुठे पळून जाणार होती? आम्हीही तेच म्हणायचो. त्याला फरक पडत नसे.

मालाडला लिंक रोडच्या मागे एका काचेच्या इमारतीत आम्ही चौकटी मारायचो. म्हणजे काय, ते सांगतो. ड्रोनने वरून काढलेले समुद्राचे फोटो येत. प्रत्येक बोटीभोवती माउसने चौकट काढायची. मासेमारीची असेल तर हिरवी, संशयित असेल तर लाल. अशा ढीगभर चौकटी बघून मशीन शिकणार आणि पुढे पहाऱ्यावरचं ड्रोन स्वतःच बोट ओळखणार, लाल असेल तर हल्लाही स्वतःच करणार. "पुढची लढाई सेकंदांत होणार," टीम लीडर मॅडम सांगायच्या, "माणसाला विचारायला वेळच नसेल." आम्ही माना डोलवायचो. पगार वेळेवर होत होता.

तो मढचा कोळी. आम्ही त्याला नाखवा म्हणायचो. खरा नाखवा त्याचा धाकटा भाऊ, होडी तो चालवायचा. याला बोट लागायची, म्हणून हा किनाऱ्यावर राहिलेला. "कोल्याला बोट लागते, सांगू नको कुनाला," असं तोच सगळ्यांना सांगत फिरायचा. त्याच्या डब्यात सुका जवळा असला की एसीतून वास मजलाभर जायचा. मॅडम नाकाला रुमाल लावायच्या आणि थोड्या वेळाने त्याच हळूच विचारायच्या, "उरलाय का रे?"

मग एक नियम आला. बोट एका जागी उभी, इंजिन बंद, जाळं दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, तर लाल.

त्याचा चेहरा उतरला. "अरे, डोल लावल्यावर आमची बोट अशीच असते ना," तो म्हणाला. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं मोठं जाळं. ते सगळं पाण्याखाली. भरती-ओहोटीचं पाणी फिरेपर्यंत होडी तिथेच उभी राहते आणि माणसं उन्हाची छपराखाली आडवी होतात. वरून बघाल तर ना जाळं, ना माणूस.

त्याने अशा सगळ्या बोटी हिरव्या केल्या. तपासणीत सगळ्या चूक ठरल्या. मॅडमनी बोलावलं. बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी शांतपणे विचारलं, "यातली एकही वाईट नाही, असं लिहून देशील?"

त्याने लिहून दिलं नाही. समुद्रातून हल्लेखोर आले होते तेव्हाच्या गोष्टी त्याच्या घरात अजून निघतात. त्याच्या बापाला तेव्हा कितीदा चौकीवर बोलावलं होतं. पहारा हवा, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त पटायचं. "तीच तर गोची आहे," चहाच्या टपरीवर तो म्हणाला. "खरा चोर पन असाच उभा राहील. वरून दोघं सेम."

"मग सोड ना नोकरी," मी म्हटलं.

"सोडली तर माझ्या खुर्चीवर बसेल तो डोळे मिटून लाल करेल. नाय सोडली तर मलाच करायचंय. भावाची होडी, यार, माझ्या हाताने?"

त्याने कटिंग अर्धीच ठेवली.

मशीन ऐकेना, तेव्हा त्याने माणसांना गाठलं. कोळीवाड्यात सांगत सुटला की डोलीवर थांबलात की एक जुनं जाळं छपरावर पसरा, आभाळातून दिसेल असं. का, ते सांगायची सोय नव्हती. कामाबद्दल बाहेर बोलणार नाही, अशी आम्ही सही दिलेली. एका रविवारी मी त्यांच्याकडेच होतो. त्याची आई बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, "वर कोन बसलाय जालं बघाला? येडा झालास काय रं?" भाऊ तर हसून लोळला. "दादा, तुला किनाऱ्यावर पन बोट लागली काय?"

पण आईनेच शेवटी एक फाटकं जाळं काढून दिलं. लेकाचा जीव कशात तरी अडकलाय, एवढं तिला कळलं असावं.

भावाचं बघून शेजाऱ्याने पसरलं, त्याचं बघून आणखी कुणी. नाखव्याची नोकरी मात्र गेली, चुका फार झाल्या म्हणून. भावाला खलाशी मिळत नव्हते. उलटीची गोळी खाऊन हा होडीवर जाऊ लागला. त्याच्याशिवाय आमची रांग फार शहाण्यासारखी वागू लागली. मला करमेना.

पुढच्या फोटोंत मला त्या होड्या दिसल्या. इंजिन बंद, माणूस दिसत नाही आणि प्रत्येकीच्या छपरावर जाळं. मी हिरव्या चौकटी मारत गेलो आणि तपासणीत त्या पास होत गेल्या. जिंकलास रे नाखवा, म्हणून मी खुर्चीतच टाळी वाजवली. बाजूच्या मुलीने दचकून बघितलं.

मग ड्रोन खरोखर पहाऱ्यावर निघाली आणि त्याच दिवशी सकाळी मॅडमनी नवा नियम वाचून दाखवला, नेहमीच्याच आवाजात. छपरावर जाळं पसरून उभी असलेली बोट म्हणजे ओळख लपवण्याचा प्रयत्न. लाल.

मी सही-बिही विसरून जिन्यात गेलो आणि त्याला फोन लावला. काढ ते जाळं, एवढंच सांगायचं होतं. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. तिसऱ्यांदा लावताना माझ्या ध्यानात आलं की जाळं काढलं तरी पहिला नियम आहेच. आता याला सांगायचं तरी काय?

आणि नेमका तेव्हाच फोन लागला.

"हां, बोल रं," तो म्हणाला. मागे इंजिनाचा आवाज नव्हता, नुसतं पाणी होडीवर आपटत होतं.