कोचना पाडायचं नाही, असं ठरलं होतं

एखाद्या माणसाला पूर्ण ताकदीनं आडवं करण्यात काय सुख असतं, हे मला चाळिशी उलटल्यावर टेक्सासमध्ये कळलं. समोरची बाई बॉल घेऊन धावत येते, तिचं लक्ष गोलकडे असतं, आणि आपण बाजूनं जाऊन तिच्या कमरेला विळखा घालून तिला जमिनीवर आपटतो. तिच्या छातीतली हवा एकदम बाहेर पडते, तो आवाज अगदी कानाशी येतो. त्या आवाजाची मी आठवडाभर वाट बघायचे. ऑफिसात मी रिलीज मॅनेजर आहे, म्हणजे इतरांनी घातलेले घोळ गोड बोलून निस्तरते. नवरा म्हणायचा, "अगं, योगा ट्राय कर ना यार. सगळे योगा करतात." मी केला होता. योगानं माझा राग नुसताच सरळ बसायला शिकला.

खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. बॉल लंबगोल, हातानं धरायचा, पायानं मारायचा, आणि ज्याच्याकडे बॉल आहे त्याला धरून पाडायचं. डोक्याला हेल्मेट नाही, अंगावर पॅड नाहीत. इथे टेक्सासातल्या फ्रिस्को गावी येण्याआधी नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही काही वर्षं मेलबर्नला होतो, मुलगी तिथेच झाली. तिथे मी हा खेळ फक्त बघितला, तोही पॉपकॉर्न खात. मग इथे एका शनिवारी, किराणा घेऊन परतताना, क्रिकेटच्या मैदानावर बायका एकमेकींना आपटताना दिसल्या. मी गाडी थांबवली. डिकीतली कोथिंबीर उन्हात मरून गेली.

नागपूरला शाळेत मी कबड्डी खेळायचे. नववीत आईनं बंद केली आणि कारण सांगायची तिला गरज वाटली नाही. पकड मात्र हातात राहिली होती. पहिल्याच सरावात मी एकीची घोटापकड केली, ती तोंडावर पडली आणि तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. या खेळात गुडघ्याखाली धरायला बंदी आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोच आल्या, आधी त्या मुलीचं नाक बघितलं, मग माझ्याकडे वळल्या. "बेकायदेशीर आहे," त्या म्हणाल्या, "पण छान होती. हेच आता कमरेला कर."

कोच साठीच्या पुढच्या, हडकुळ्या, उन्हानं रापलेल्या. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या एका खेड्यातल्या. अमेरिकन नवऱ्यामागे टेक्सासला आल्या, पुढे नवरा वारला, त्या राहिल्या. आठवडाभर शाळेची पिवळी बस चालवायच्या आणि शनिवारी आम्हाला मारामारी शिकवायच्या. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहो करायचे. फोमची जाड ढाल पोटाशी धरून त्या उभ्या राहायच्या आणि आम्ही एकेकीनं धावत येऊन त्यावर आदळायचं. "जोरात! दार ठोठावायला आलीयस का?" असं ओरडायच्या. त्यांच्या हाताखाली माझा ओठ फाटला, एक बरगडी दुखावली, आणि काळानिळा डोळा घेऊन मी क्लायंट मीटिंगला बसले. त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा कुणी माझं बोलणं मध्ये तोडलं नाही.

सरावानंतर गाड्यांच्या सावलीत खुर्च्या टाकून आमचं जर-तर चालायचं. टीममध्ये मेलबर्नची एक नर्स होती, तिनं ही सवय लावली. या खेळाच्या इतिहासातला एक क्षण उचलायचा, तो बदलायचा, आणि पुढचं सगळं नव्यानं रचायचं. तिचा लाडका प्रसंग म्हणजे एक अंतिम सामना. शेवटच्या मिनिटांत बॉल रिकाम्या गोलसमोर पडला आणि आत जायचा तो तिरपा उसळून बाजूनं गेला, सहा गुणांऐवजी एकच मिळाला. बरोबरी झाली, आठवड्यानं सामना पुन्हा खेळवला, आणि तिचा संघ सपाटून हरला. "तो बॉल सरळ उसळला असता तर?" एवढं म्हणून ती डोळ्यांत पाणी आणायची. कुणी विचारायचं, त्याच संध्याकाळी जादा वेळ खेळवला असता तर? कुणी म्हणायचं, मेलबर्नचा एक आख्खा क्लब उचलून सिडनीला धाडला, तो तिथेच राहिला असता तर? यावरून आम्ही खरोखरीच भांडायचो. एकदा एकीनं दुसरीच्या डोक्यावर बर्फ ओतला.

कोच या खेळात कधी पडायच्या नाहीत. मोजे काढून पायावरचे लाल मुंग्यांचे चावे खाजवत बसायच्या. पण एकदा, सीझन संपत आलेला असताना, नर्सनं त्यांनाच गाठलं. "कोच, तुमचं जर-तर सांगा."

त्यांनी सांगितलं. गावात मुलगे कमी पडत म्हणून पोरांच्या संघात त्यांना घेतलं होतं. त्या चौदाच्या होत्या. संघ फायनलला पोचला आणि समोरच्या क्लबनं तक्रार केली की, मुलगी खेळतेय. फायनलच्या सकाळी क्लबचा एक माणूस आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, जर्सी काढ. त्यांनी ती जर्सी दातांत धरली होती. त्यानं मुस्कटात मारली आणि ओढून घेतली. त्यांचा संघ थोडक्यात हरला. त्यानंतर बायकांसाठी संघच नव्हता. बायकांची मोठी लीग सुरू झाली तेव्हा कोच नातवंडं होण्याच्या वयाच्या होत्या.

"तुम्ही असता तर जिंकलेच असते," नर्स म्हणाली. आम्ही सगळ्याच तसं काहीतरी म्हणालो.

कोच इतक्या चिडल्या की त्यांनी हातातला बूट फेकला. "तुला काय माहीत? कुणालाच माहीत नाही! कदाचित मी सुमार असेन. त्या संघातला सगळ्यात चांगला पोरगा पुढे दोन सीझनही टिकला नाही, त्याला कळलं तरी तो किती पाण्यात आहे ते. मला कुणी कळूच दिलं नाही. मला एक मॅच खेळायचीय. खरी. अंगावर येणारी."

म्हणून सीझनच्या शेवटी आम्ही आपापसातच दोन संघ करून मॅच ठेवली. कोच एका संघात, मी दुसऱ्या. पंच म्हणून माझ्या मुलीला उभं केलं. ती अकरावीत होती, कॉलेजच्या अर्जासाठी तिला व्हॉलंटिअर अवर्स हवे होते, आणि नियम तिनं माझ्याहून नीट वाचले होते.

मॅचच्या आदल्या दिवशी ग्रुपवर नर्सचा मेसेज आला. कोच त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. या वयात हाडं ठिसूळ असतात, कुणी त्यांना पाडायचं नाही, बॉल त्यांच्याकडे गेला की जाऊ द्यायचा, असं तिनं लिहिलं. सगळ्यांनी अंगठे दिले. मीही दिला. साठीच्या बाईला आपटायचं म्हणजे काय, माझ्या हातून ते झालंच नसतं.

मॅच सुरू झाली आणि आम्ही एकमेकींना नेहमीसारखं बडवलं. कोपरं, गुडघे, शिव्या, सगळं. फक्त कोचकडे बॉल गेला की मैदान मोकळं व्हायचं. त्यांनी पहिला गोल मारला तेव्हा दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याला तर आमची एकजण त्यांच्या वाटेतून बाजूला झाली आणि "वाव, कोच!" म्हणाली. टाळ्या आणखी जोरात पडल्या. कोचनी हातही वर केला नाही.

मध्यंतरात त्यांनी कूलरला लाथ घातली. झाकण उडालं, बाटल्या गवतावर सांडल्या.

"मला एकदा एका माणसानं बाहेर काढलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आज तुम्ही सगळ्यांनी मिळून काढलंत. तो निदान तोंडावर सांगून गेला."

नर्स बाटल्या गोळा करायला लागली. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही आपण त्यांच्या अंगावर जाऊ असं काही मला वाटेना.

पुढच्या डावात बॉल आमच्या दोघींच्या मध्ये पडला. दोघी धावलो, आणि माझा पाय त्यांच्या पायाला लागला. आता, वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की काय करायचं हे मला कुणी शिकवलंय ते आठवतही नाही. हात आपोआप जातो. बॉल तसाच टाकून मी वाकले, त्यांच्या पायाला हात लावून छातीशी नेला, आणि त्याच क्षणी त्यांचा खांदा माझ्या बरगड्यांत घुसला. मी उडाले. तोंड जमिनीवर आदळलं, दात ओठात गेला, रक्त आणि माती एकदम गिळली. लाल मुंग्या मानेवर चढल्या.

"काय करत होतीस?" कोच माझ्या डोक्यावर उभ्या राहून ओरडल्या.

"नमस्कार," मी म्हणाले. दुसरा शब्दच सुचला नाही.

"तो मॅच संपल्यावर कर!"

मी मुलीकडे बघितलं. ती खांदे उडवून म्हणाली, "लीगल होतं, आई. प्ले ऑन."

तेव्हा मला राग आला. स्वच्छ, जुना, नागपूरचा राग. कोचवर नव्हे, त्या अंगठ्यांवर, माझ्या त्या अंगठ्यावर. आईनं कबड्डी बंद केली तेव्हाही सगळे माझ्याशी फार गोड वागले होते. मैत्रिणींनी खास बोलावून मला बाजूला बसवलं होतं, पाणी द्यायला.

शेवटच्या डावात कोचनी सीमेजवळ बॉल उचलला. समोर कुणी नव्हतं. त्यांना पास द्यायला वेळ होता, मारायला वेळ होता. त्या डावीकडे वळल्या, आणि वळताना मंदावल्या. मी बाजूनं गेले आणि कंबरपकड घातली, त्यांच्या हातांसकट, कबड्डीत घालायचे तशी, पाय उचलून. आम्ही दोघी हवेत होतो तेव्हाच मला कळलं होतं की मी माझं वजन आवरतं घेणार नाहीये. त्या खाली, मी वर. माझ्या गालाखाली त्यांच्या खांद्यात काहीतरी कट्कन मोडलं. हवा बाहेर पडल्याचा तो आवाजही आला, आणि त्यात मला काडीचंही सुख नव्हतं.

शिट्टी वाजली. सगळ्या धावत आल्या. एकीनं मला मागून ओढलं आणि तोंडावर आई-बापाचा उद्धार केला. नर्स कोचशेजारी गुडघ्यांवर बसली, "हलू नका, कॉलरबोन गेलंय," म्हणत. कोचचा चेहरा पिठासारखा झाला होता, न दुखावलेल्या हाताखाली बॉल अजून दाबलेला होता. आणि माझी मुलगी, त्या सगळ्या गोंधळात, नियमाप्रमाणे हात फिरवून ओरडली, "होल्डिंग द बॉल!"

म्हणजे, आधी वेळ असूनही बॉल सोडला नाही, आणि पकडलं गेल्यावरही नाही. गुन्हा कोचचा. फ्री किक मला.

सगळ्या मुलीकडे बघायला लागल्या, हिला काही लाज आहे का, अशा नजरेनं. ती लाल झाली होती, पण हात खाली घेतला नाही. कोचनी डोकं उचललं.

"काय?" त्या म्हणाल्या. "मला वेळच कुठे मिळाला?"

"यू हॅड टन्स ऑफ टाइम, कोच."

"अजिबात नाही! तू बघत कुठे होतीस? आंधळी आहेस का?"

वेदनेनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पंचाशी भांडत होत्या. नर्स त्यांना दाबून धरत होती. त्या थांबेनात. त्यांच्या विरुद्ध शिट्टी वाजली होती, आणि ती कशी चुकीची आहे हे सांगायला त्यांना कितीतरी मुद्दे सुचत होते. मी जवळ गेले. माझा हात पुन्हा त्यांच्या पायाकडे निघाला, तेवढ्यात त्यांनी पाय आखडून घेतला.

"मॅच चालू आहे," त्या म्हणाल्या. "तुझी फ्री किक आहे ना? मार."

"ॲम्ब्युलन्स बोलावलीय, कोच."

"येईल ती. तू मार."

त्यांच्या हाताखालून मी बॉल ओढला. त्यांनी तो सहज दिला नाही. मी मागे गेले, धावले, मारला. बॉल गोलच्या बाहेरून, एका गुणाच्या फटीतून गेला. "पाय कुठाय तुझा? किती वेळा सांगितलं!" मागून आवाज आला.

इमर्जन्सीमध्ये त्यांना झोळीत हात बांधून बसवलं होतं. खोलीत त्यांच्याजवळ मी एकटीच होते, ओठ सुजलेला. त्या म्हणाल्या, "डावीकडे वळताना मी हळू आहे. चौदाव्या वर्षीही होते. त्या फायनलमध्येही कुणीतरी मला असंच पकडलं असतं." त्या हसल्या, आणि खांदा दुखला म्हणून थांबल्या. "मी असते तरी आम्ही हरलो असतो. सगळ्यांना सांग. आता उगाच कुणी म्हणायला नको."

मी सांगते म्हणाले. मग उठले, पलंगाशी गेले आणि वाकले. मॅच संपली होती. त्यांनी पाय मागे घेतला नाही.