दिनूला कोणीच अडवलं नाही

सुनंदाचा, माझ्या भावजयीचा, फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "अक्का, तुमी निघा," एवढंच ती म्हणाली आणि फोन कोणीतरी तिच्या हातातून काढून घेतला. नांदेडहून लातूरला पोचेपर्यंत मला कोणी काही सांगितलं नाही. पण गावात शिरताना चौकात दिनूच्या क्लासचा मोठा फ्लेक्स लागतो, त्याच्या हसऱ्या फोटोचा. शिडी लावून मुली त्या फोटोला हार चढवत होत्या... तेव्हा कळलं.

दिनकर माझा धाकटा भाऊ. लातूरच्या पोरांसाठी डी. के. सर. भूकंप झाला तेव्हा तो बारावीला होता आणि मी लग्न होऊन नांदेडला आलेली. औशाकडच्या आमच्या गावात घराचं माळवद, दगडमातीचं छत, कोसळलं. आई-अण्णा त्यातच गेले. दिनूला दुपारी बाहेर काढलं, कंबर मोडलेली. पुढं तो माझ्याकडं राहून विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झाला, पण नोकरीत त्याचं मन रमलं नाही. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. फिजिक्स शिकवायला म्हणून गेला तो तिथलाच झाला. बाहेरगावाहून आलेली, खोल्या करून राहणारी पोरं त्याच्यावर जीव टाकत. बॅचमागून बॅच तो उभ्यानं शिकवायचा. संध्याकाळी कमरेतली कळ मस्तकात जायची. एका डॉक्टरांनी तेव्हा कळ मारायची ती गोळी पहिल्यांदा दिली. गोळीची त्याला खरंच गरज होती, हे मी आजही म्हणते. पण पुढं कंबर राहिली बाजूला आणि गोळीवाचून त्याला दिवस ढकलेना.

मग एका मेडिकलवर धाड पडली. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत त्या गोळ्या तिथून खोट्या चिठ्ठ्यांवर जात होत्या. दिनूला ठाण्यात बोलावलंय कळल्यावर मी पहिली एस.टी. धरली. पाहते तर दिनू साहेबांच्या केबिनमध्ये खुर्चीत बसलेला, पुढं चहा. बाहेर व्हरांड्यात फरशीवर एक माणूस गुडघ्यात मान घालून बसला होता. खलील त्याचं नाव, युनिफॉर्म शिवणारा टेलर. दुकान तेच, गोळी तीच, चिठ्ठी तशीच खोटी. आत साहेब दिनूला सांगत होते, "सर, माझी पोरगी तुमच्याच बॅचला हाय. निरोप धाडला असता तरी भागलं असतं."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, बाहेरच्यावर केस होणार असंल तर याच्यावर बी करा."

साहेब हसले. "ताई, सरांना कोर्टात उभं केलं तर पोरांच्या परीक्षेचं काय करायचं?" दिनूचं नाव त्या प्रकरणातून असं गळालं की जणू तो कधी त्या दुकानाची पायरी चढलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरात खलीलचा फोटो आला, तोंडावर रुमाल धरलेला.

गाडीत बसल्यावर दिनू म्हणाला, "अक्का, तू मला जेलात धाडायला निघालीस व्हय?"

"धाडायला न्हाई रे. तुला कुणीतरी धरावं म्हणून."

तो काचेबाहेर बघत म्हणाला, "मला कुणीच धरत न्हाई, अक्का. डॉक्टर बी न्हाई... कुणी पोराच्या ॲडमिशनचं विचारतंय, कुणी संगं फोटो काढतंय, अन् चिठ्ठी लिहून देतंय. तेवढ्यानं भागंना म्हणून त्या खोट्या."

सुनंदा त्यानंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिचंही खरं होतं; नवऱ्याला तुरुंगात घाला म्हणणारी नणंद कोणाला आवडेल? मग काही वर्षांनी, सुनंदाचा तो फोन आला त्या दिवशी, दोन बॅचच्या मधल्या सुट्टीत दिनू क्लासमधल्या आपल्या खोलीत गेला आणि खुर्चीतच संपला. कागदावर हृदयविकार लिहिलं. टेबलावरच्या गोळ्या कोणी उचलल्या, कोणी विचारलं नाही. सरांची विटंबना नको, असं मोठी माणसं म्हणाली. गेल्यावरही त्याला सूटच मिळाली.

तेराव्याला खलील आला. मी ओळखलंच नाही. केस पांढरे, अंगानं निम्मा झालेला. "अक्का, ठाण्यात तुमी बोललात ते मी बाहेर बसून ऐकलं व्हतं," तो म्हणाला. "आत गेल्यावर मी मरूनच राहिलो व्हतो. अंग मोडून यायचं, भिंतीला डोकं आपटायचो. गोळी कोण देतंय तितं? मंग जेलच्या डॉक्टरनं दवाखान्यात ठिवलं. सुटली."

"बरं झालं," मी म्हणाले.

"बरं कसं म्हणू, अक्का? दुकान गेलं. बायको धर्माबादला माहेरी गेली ती आलीच न्हाई. मोहल्ल्यात अजून गर्दुल्ला म्हणतेत." मग म्हणाला, "पर जिता हाय मी. सर असते तर बरं झालं असतं."

तो गेल्यापासून हेच डोक्यात फिरतंय. या दोघांत न्याय कोणाला मिळाला? खलीलला फरफटवलं, दिनूला ओवाळलं. दोघांनाही आधी दवाखान्यात न्यायला हवं होतं, आणि मग कायद्यानं एकाच बाकावर बसवायला. तेवढं साधं कोणाला जमलं नाही.

इकडं नांदेडला शेजारची प्राजक्ता डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करते. दुपारी माझ्या पडवीत बसून ती मोबाइलवर दिनूचे जुने तास बघते. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात त्याचा आवाज ऐकून माझ्या हातातली परात पडली होती. परवा तिनं मला बोलावलं. "मावशी, इथं सर लई वेळ थांबतात बघा. मला आधी वाटायचं नेटच गेलं."

मी चष्मा लावून पाहिलं. दिनू फळ्याकडं तोंड करून उभा होता. एक हात फळ्यावर टेकलेला, दुसरा खिशात चाचपडणारा. मागं वर्ग गच्च भरलेला. "सर, बरं वाटत नाही का," असं एकाही पोरानं विचारलं नाही.

"एवढं मी पुढं ढकलते नेहमी," म्हणत प्राजक्तानं बोट उचललं.

"नको," मी म्हणाले. "राहू दे."

तो वळेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.