बटण सुधारू
आमची वहिनी दवाखान्यांच्या वेबसाइटचे फॉर्म बनवते. लोक ‘पाठवा’ हे बटण दोन-दोनदा दाबायचे आणि एकाच पेशंटच्या दोन अपॉइंटमेंट पडायच्या. तिचे साहेब म्हणाले, “वर मोठ्या अक्षरात सूचना टाका.” वहिनी उसळली, “माणसं सुधारायचा मक्ता आपण घेतलाय का? बटण सुधारू!”

तिने जावास्क्रिप्टमध्ये असं लिहिलं, की पहिल्या क्लिकलाच बटण बंद. मग एका ब्राउझरचं नवंच नाटक: मागे जाऊन पुन्हा फॉर्मवर आलं, तरी बटण बंदच. त्याचेही तिने कान उपटले.

संध्याकाळी बाबांनी नेहमीसारखी दाराची बेल लागोपाठ चारदा वाजवली. मी वैतागलो, “त्यांना एकदा सांग ना!”

“वाजवू देत की,” वहिनी उठत म्हणाली. “दार मी एकदाच उघडते.”