चिनार लाल व्हायच्या आधी

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी नववीच्या चाचणीचे भूगोलाचे पेपर तपासत होते. "ताई, काश्मीरचं जमलं! आईलेही नेऊन राह्यलो," ती ओरडलीच. मी "अरे वा!" म्हटलं. आवाज अगदी आनंदी निघाला, त्याबद्दल मला अजून माझं कौतुक वाटतं. फोन ठेवला आणि पुढच्या पेपरात एका पोरानं नर्मदा बंगालच्या उपसागराला नेऊन मिळवलेली दिसली. त्यावर मी अशी रेघ ओढली की कागद फाटला.

पोटात दुखलं, दुसरं काय. काश्मीरचं खोरं मला पाहायचं होतं, तिला नव्हतं. तिला झेलम कुठून येते तेही सांगता येणार नाही. मी बावीस वर्षं अहेरीकडच्या एका आश्रमशाळेत भूगोल शिकवते, आणि माझ्या कपाटात एक फाईल आहे. वर्तमानपत्राच्या पुरवण्या, जुन्या कॅलेंडरची पानं, रेल्वेत कुणी टाकून दिलेलं मासिक, जिथं म्हणून त्या खोऱ्याचा फोटो दिसला तिथून मी तो कापून ठेवलाय. बर्फाचे नाही, बर्फाचं मला फारसं नाही. शरदातले. चिनारची झाडं शेंड्यापासून बुडापर्यंत लाल आणि खाली सगळी जमीन लाल. आमच्याकडं पानं गळतात ती होळीच्या सुमारास, धुळीत. ऑक्टोबरात आमचं जंगल हिरवंगार असतं. म्हणून वर्गात "तिकडं दिवाळीनंतर झाडं लाल होतात" असं सांगितलं की पोरं हसतात. "मॅडम, दिवाळीत पानगळ?" मग मी फाईल काढते.

आणि जाणार कोण? ती.

आमची शेती माजरीकडं होती. कोळशाची खाण आली, शेत गेलं, आणि शेताच्या बदल्यात घरातल्या एकाला खाणीत नोकरी मिळणार होती. भाऊ नव्हता. मी थोरली, पहिला हक्क माझा. पण मी नुकतीच शाळेत लागले होते आणि माझा तोरा काय विचारता! "त्या कोळशात कोण जाईल बाप्पा," असं म्हणून मी तहसीलमध्ये जाऊन बहिणीच्या नावानं सही करून दिली. माझी हरकत नाही म्हणून. बहीण हजेरीच्या ऑफिसात कारकून झाली. हरकत नाही म्हणे! हरकतच हरकत होती, फक्त ती मला दहा वर्षांनी कळली.

तिला क्वार्टर, तिला दवाखाना, आणि दर चार वर्षांनी कंपनी सगळ्या कुटुंबाला भारतभर फिरवून आणते. दार्जिलिंग झालं, केरळ झालं. माझ्या नवऱ्याला कुठं जाऊ म्हटलं की तो सिरोंच्याला नेऊन गोदावरी दाखवतो. गोदावरी चांगलीच आहे, पण ती मी सातवीलाही शिकवते.

त्या प्रवासाच्या फॉर्मात नवरा, मुलं आणि अवलंबून असलेली आई, एवढेच रकाने असतात. बहिणीचा रकाना नसतो. ते मला मान्य आहे. पण एकदा तोंडदेखलं तरी म्हणायचं, ताई तू पण चल. मी माझ्या खर्चानं गेले असते. तिनं म्हटलं नाही, आणि मी आपणहून विचारू? मरेन पण विचारणार नाही. वर म्हणते कशी, "ताई, प्लॅन तूच करून दे. तुले तर सगळंच मालूम आहे."

करून दिला. शंभर पानी वही घेतली आणि चार रविवार बसले. कुठल्या दिवशी शिकाऱ्यातून तळ्याची फेरी, कुठल्या दिवशी बागा, आईचे गुडघे दुखतात म्हणून कुठली बाग पायऱ्यांची आणि कुठली सपाट, कुठं सकाळचं ऊन येतं आणि कुठं दुपारचं. शेजारीण म्हणाली, "काश्मीरले कायले पाठवता बाई, तिथी गोळ्या चालतात." मी म्हटलं, तुम्ही गडचिरोलीत राहून बोलताय का हे? खरं तर तिचं बोलणं मला आवडलं होतं, बहिणीला तसंच सांगावं असंही मनात आलं होतं. नाही सांगितलं. वही मात्र इतकी सुरेख झाली की मलाच ती द्यावीशी वाटेना. आपण पुरणपोळी करायची आणि खायला दुसऱ्यानं बसायचं, त्यातला प्रकार.

वही द्यायला मी बसनं चंद्रपूर आणि तिथून माजरीला गेले. आई बहिणीकडंच असते. तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. तिला माणसं धुरात उभी असल्यासारखी दिसत. हिरवं, निळं, काळं तिच्या लेखी एकच झालं होतं. लाल तेवढा वेगळा कळायचा.

आम्ही तिघी अंगणात बसलो होतो. बहिणीनं वही मांडीवर घेतली, पानं उलटली, आणि विचारलं, "ताई, सुट्टीचं दोन टायमाले जमते. दसरा झाला की लगेच, नाई तर दिवाळीनंतर. झाडं लाल कवा असतात?"

आई मध्येच म्हणाली, "मले ते लाल झाडंच पाह्यची आहे बाई. बाकी काय दिसते मले? लाल तेवढा दिसते अजून."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि तरीही म्हणाले, "दसऱ्यानंतर लगेच जा. दिवाळीनंतर थंडी फार पडते तिकडं. आईच्या गुडघ्यांना झेपायची नाही."

"अन् झाडं?"

"असतात ना लाल. तेव्हापासूनच होतात."

थंडीचं खरं होतं. झाडांचं खोटं होतं. ती कधी लाल होतात ते मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. दिवाळीनंतर मला तीन आठवडे सुट्टी असते. त्या सुट्टीत मी घरी चकल्या खात बसायचं आणि ही माझ्या फाईलमधल्या झाडांखाली उभी राहून मला फोटो पाठवणार, हे मला सहन होणार नव्हतं. लाल चिनार माझ्याआधी तिनं पाहू नये, एवढंच मला हवं होतं. आईचा विचार आला. तो मी बाजूला सारला. बर्फाचे डोंगर दिसतील, शिकाऱ्यात बसेल, बास झालं की, असं स्वतःला सांगितलं.

मग महिनाभर तिचे फोन. आईला गडद लाल स्वेटर घेतला, मुलांना बूट घेतले, बॅग कुठली नेऊ. मी प्रत्येक वेळी सल्ला दिला आणि फोन ठेवून भांडी आपटली. नवरा म्हणाला, "काऊन जळून राह्यली? तूच तर वही करून दिली." मी म्हटलं, तुम्ही नका बोलू, तुमची गोदावरी सांभाळा.

ते गेले. तिसऱ्या दिवशी फोटो आले. मी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले. मोठमोठे चिनार, तळहाताएवढी पानं, आणि सगळी हिरवी! एखाद्या फांदीला जरा पिवळट झाक असेल तर असेल. मला इतका आनंद झाला की मी स्टाफरूममध्ये जाऊन सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हटलं, असंच.

संध्याकाळी तिचा फोन. हळू आवाजात. "ताई, इथी तर सगळं हिरवंच आहे वं. हॉटेलवाला म्हणते, वीस दिवस लवकर आले तुम्ही."

"यंदा उशीर झाला असेल," मी म्हटलं. "हवामानाचं काही सांगता येतं का आजकाल?"

"हो ना. तुहा काय दोष त्याच्यात. मी आईले लालच सांगितलं. झाडाखाली उभी केली अन् म्हटलं, पाह्य आई, सगळं लाल आहे. लय खूश झाली वं ती."

मला लाज वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. पण आधी काय वाटलं ते सांगते. आधी हेवा वाटला. आईला खूश करणारं खोटं तिला सुचलं, आणि मला सुचलं ते हे असलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी माजरीला गेले. आईनं मला बसवून सगळं सांगितलं. पाणी किती शांत होतं, नावाडी तिला अम्मा म्हणायचा, आणि झाडं तर काय विचारू नको, लालच लाल. ती सांगत होती आणि बहीण माझ्याकडं बघून हसत होती. मी पण हसले.

दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की आई फाटकाबाहेर जात नाही. कॉलनीच्या रस्त्यापलीकडं विहार आहे. संध्याकाळच्या वंदनेला ती रोज एकटी जायची, कुणाचा हात धरायची नाही. रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जातात, पण त्यांचे मागचे लाल दिवे तिला कळत. दिवे लांब गेले की ती रस्ता ओलांडायची. आता वंदनेची वेळ झाली की ती खाटेवर बसूनच हात जोडायची. बहीण म्हणाली, "तिकडून आल्यापासून थकली आहे." मला ते पटलं नाही. थकलेली बाई दिवसभर लसूण सोलत बसत नाही.

बहीण ड्यूटीवर गेली तेव्हा मी विचारलं, "आई, विहारात काऊन नाई जात?"

"उगीच."

"खरं सांग."

तिनं लसूण पसरलेलं सूप बाजूला ठेवलं. "तुह्या बहिणीले सांगू नको. तिनं एवढ्या हौसेनं नेलं मले." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मले लाल नाई दिसला. एक पान नाई दिसलं. ती म्हणे सगळं लाल आहे, अन् मले तर काळंच काळं. जवळची मिरची दिसते, पण दूरचा लाल गेला माहा. आता ट्रकाचा दिवा मले दिसला नाई तर?"

मी सूप माझ्याकडं ओढलं आणि एक पाकळी सोलायला घेतली.

"पाय पण वाजले नाई माहे," ती म्हणाली. "पानगळ आहे म्हणे, अन् पायाखाली एक पान वाजत नाई. जंगलातली पोरगी मी, मले नाई का कळत? पण मग म्हटलं, पोरीचं ऐकू का पायाचं ऐकू? पोरीले डोळे आहे."

अजूनही मला गप्प बसता आलं असतं. उद्या तिला डॉक्टरकडं घेऊन गेले असते, डॉक्टरांनी तपासून काही फरक नाही म्हटलं असतं, आणि माझं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं. हे सगळं मी एका क्षणात हिशेबानं मांडलं, इतकी मी वाईट आहे. पण ती फाटकाकडं तोंड करून बसली होती आणि बाहेरून ट्रकांचा आवाज येत होता.

"आई, झाडं हिरवीच होती," मी म्हटलं. "तुझे डोळे बरोबर आहेत. तिनं तुला बरं वाटावं म्हणून लाल सांगितलं. दिवाळीनंतर होतात ती लाल. मला माहीत होतं. मी मुद्दाम लवकर पाठवलं."

"काऊन?"

"तिनं माझ्याआधी पाहू नयेत म्हणून."

ती रागावेल असं वाटलं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती बराच वेळ हाताला लागलेली लसणाची सालं काढत बसली.

"थांबली असती ना मी," ती म्हणाली. "वीस दिवसांत काय माहे डोळे जात होते?"

मला रडू आलं. तिनं ते ऐकलं, पण हात काही पुढं केला नाही. पदर सारखा केला, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि चपला पायानं चाचपून घातल्या. वंदनेची वेळ झाली होती. मी घाईघाईनं उठले आणि म्हणाले, "थांब, मी येते सोबत."

"नको," ती म्हणाली. "मले दिसते."

आणि फाटक उघडून ती एकटीच रस्त्याला लागली.