आधी फोन कोणाला?

सगळे घरून काम करायला लागल्यावर ऑफिसचे किस्से कमी होतील, असं मला वाटलं होतं. उलट वाढले! ऑफिसात माणूस निदान मीटिंग रूमचं दार लावून घेतो; इथे प्रत्येकाचा कुकर, पोरं आणि भांडणं थेट स्क्रीनवर. मेलबर्नच्या लॉकडाउनमधले आमच्या टीमचे किस्से मी जेवायला जमलेल्या मंडळींना सांगायला लागते, तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत लोक हसतात. मग कोणीतरी विषय बदलतं.

आमचं काम असं होतं. कोविड झालेला माणूस कोणाकोणाला भेटला, ती माणसं पुढे कोणाला भेटली, याचं जाळं एका ग्राफ डेटाबेसमध्ये ठेवलेलं. माणूस म्हणजे ठिपका, भेट म्हणजे रेघ. आमचं एपीआय, म्हणजे त्या डेटाबेसमधून माहिती काढून देणारा प्रोग्राम, एका ठिपक्यापासून रेघारेघांनी चालत जायचं आणि वाटेत सापडलेल्यांची यादी द्यायचं. ती यादी बघून फोन टीम एकेकाला कळवायची, की घरी थांबा, टेस्ट करून घ्या. मी मेलबर्नच्या टार्निट उपनगरात, आमचा लीड मंदार शेजारच्या ट्रुगानिनाला, दोघंही पुण्याचे. फोन टीमची प्रमुख हेलन पार उत्तरेला, डार्विनच्या उकाड्यात. साठीची, निवृत्त नर्स, मागे पंखा गरगरतोय आणि बाई घामाघूम.

* * *

पहिल्याच आठवड्यात हेलनने विचारलं, की यादी लावतं कोण? मंदार म्हणाला, कोणीच नाही, डेटाबेसला जशी सापडतात तशी माणसं येतात.

आम्हाला वाटत होतं, फोनवाले यादी वाचून निवड करत असतील. फोनवाल्यांना वाटत होतं, कॉम्प्युटरने विचार करून लावून दिली आहे, म्हणून ते निमूटपणे वरून खाली फोन करत होते. दोन्ही बाजूंचा एकमेकांच्या हुशारीवर केवढा विश्वास!

हेलन म्हणाली, "काल मी शेवटच्या पानावरच्या माणसाला फोन केला. बायकोने उचलला. तो परवाच गेला."



* * *

त्यानंतर लक्षात आलं, की आमचं एपीआय एक रेघ पकडली की ती संपेपर्यंत सोडतच नाही. एका टॅक्सी ड्रायव्हरपासून निघालं, ते त्याच्या पॅसेंजरकडे, तिच्या हेअरड्रेसरकडे, हेअरड्रेसरच्या भाच्याकडे गेलं. भाच्याला सकाळी नऊला फोन. ड्रायव्हरची स्वतःची बायको नव्वदाव्या नंबरवर.

आधी जवळचे सगळे, मग त्यांच्या पलीकडचे, असं चालायला आम्ही त्याला शिकवलं. एवढी साधी गोष्ट आधी सुचली नाही, याची मला आजही लाज वाटते.

* * *

एका प्लंबरला एका दिवसात तीनदा फोन गेला. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "मेट, तुम्हाला तिकडे एकटं वाटतंय का?"

आम्ही यादी वीस-वीसच्या पानांनी द्यायचो. जवळचे-लांबचे ठरले, तरी जवळच्यांत आधी कोण, हे ठरलेलं नव्हतं. त्यामुळे दर पानाला डेटाबेस पत्ते पुन्हा पिसायचा. प्लंबर तीन पानांवर आला आणि त्याचा हेल्पर एकाही पानावर नाही. तो हेल्पर सापडला, तेव्हा त्याची आई आयसीयूत होती. प्लंबरचा जोक आम्ही परत कोणाला सांगितला नाही.

* * *

मग मंदार एपीआयला क्रमाचा पॅरामीटर, म्हणजे यादी कशाच्या क्रमाने लावायची ते सांगणारी सेटिंग, लावायला बसला. हेलनचं म्हणणं, वय आधी. मंदारचं म्हणणं, ताजी भेट आधी. आठवड्यापूर्वी लागण झालेला माणूस जे पसरवायचं ते पसरवून बसलेला असतो. कालचा अजून थांबवता येतो. मला मंदारचं पटलं, सगळ्यांनाच पटलं. हेलनने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, की यात काही म्हातारी माणसं तळाला जाणार, हे लिहून ठेवा.

* * *

मंदारचे वडील नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे. तीन महिन्यांसाठी आले आणि बॉर्डर बंद झाल्यामुळे अडकले. ते मंदारच्या बहिणीकडे राहायचे आणि पार्कातल्या बाकावर भेटेल त्याला सांगायचे, की ती फोनची यादी माझा मुलगा करतो.

एका सकाळी मंदार स्क्रीन शेअर करून माझ्याबरोबर यादी तपासत होता. खाली जाता जाता थांबला. नाना अठ्ठावन्न नंबरवर होते. बाकावरचा सोबती पॉझिटिव्ह, आणि भेट आठ दिवसांपूर्वीची. हेलनकडे माणसं कमी; नानांचा नंबर तिसऱ्या दिवशी लागणार होता.

पॅरामीटरमध्ये भेटीच्या जागी वय, एवढा एक शब्द बदलला असता, तर नाना वर आले असते. मी म्हटलं, "बदल ना. मी काही बघितलं नाही."

"वरची माणसं खाली जातील," तो म्हणाला आणि पुढचं पान उघडलं.

यादीत दिसलेलं बाहेर सांगायचं नाही, अशी आम्ही सही केली होती. मी असते तर सही गेली खड्ड्यात! मंदारने त्या दिवशी नानांना चार फोन केले, नुसतं ताप आहे का विचारायला आणि टेस्ट करा म्हणायला. नाना वैतागले. म्हणाले, "गरज असती तर तुझ्या यादीवाल्यांचा फोन आला नसता का?"

मला मंदारचा भयंकर राग आला होता. अजूनही पुरता गेलेला नाही.

* * *

हेलनने फोन टीमला एकच नियम घातला होता, की फोनवर कोणाशी खोटं बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी नानांचा नंबर लागला, तेव्हा तो फोन तिने स्वतः केला. त्याच दिवशी ॲम्ब्युलन्स आली.

चार दिवसांनी आमची मीटिंग चालू असताना मंदारच्या मोबाइलवर हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल आला. तो म्यूट करायला विसरला. ऑक्सिजनचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"तुझ्या त्या हेलनबाईंना मी विचारलं," नाना म्हणाले, "मी यादीत कितवा? म्हणाल्या, पहिला." मग बराच वेळ नुसता श्वास. "घरचं माणूस असं वर घालायचं नसतं रे, मंदार. बाकीची माणसं थांबली असतील ना."

हेलनला मराठी येत नाही. स्वतःचं नाव ऐकून तिने फक्त मान वर केली.

मंदार म्हणाला, "चुकलं, नाना. परत नाही करणार."